फितीपलीकडचा लेख

मला हवा असलेला लेख दाराच्या आत होता आणि दाराला लाल फीत बांधलेली होती.

दार तसं उघडंच होतं. आतले नवे संगणक बाहेरून दिसत होते. त्यांच्या पडद्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात झेंडूचं एकेक फूल ठेवलेलं होतं. फीत कमरेच्या उंचीवर होती. तिच्याखालून वाकून कुणीही आत गेलं असतं. आमच्या घरच्या शेळ्या तर न वाकता गेल्या असत्या. पण दारात स्टूल टाकून विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे शिपाईमामा बसले होते.

"आत जायचं न्हाय, मॅडम."

"मामा, दहा मिनिटांचं काम आहे. एकच लेख बघायचाय."

"दहा मिन्टाचं असू द्या न्हायतर एका मिन्टाचं. फीत हाय की."

"फितीला हात नाही लावत. खालून जाते."

गाभाऱ्यात चप्पल घालून जाते, असं काहीतरी मी म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सायबांच्या आधी तुमी आत गेला, तर सायेब मग उद्घाटन कशाचं करनार?"

प्रश्न बिनतोड होता. मी बाजूच्या पायरीवर बसले.

दुपारी तीन वाजता, त्याच आवारातल्या रसायनशास्त्र विभागात, माझा पीएच.डी.चा शेवटचा सेमिनार होता. प्रबंध जमा करण्याआधी समितीपुढे उभं राहून आपण काय केलं ते सांगायचं असतं आणि समितीने ‘हो’ म्हटलं तरच पुढे जाता येतं. माझ्या नोंदणीची मुदत वाढवून वाढवून संपत आली होती. आता आणखी वाढ नाही, असं विद्यापीठानं कळवलं होतं. म्हणजे आज ‘नाही’ आलं तर सगळं गेलं.

सगळं म्हणजे काय, तेही सांगते. मी कुर्डुवाडीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घेतले तितक्या तासांपुरती मी प्राध्यापक. उरलेल्या वेळात मी कोण, हे शासनानं ठरवलेलं नाही. आमच्या विभागात एक कायमची जागा निघणार होती आणि तिच्यासाठी पीएच.डी. लागणार होती.

माझा विषय सोलापूरच्या बाहेर कुणाला सांगितला की लोक हसतात. इथे टॉवेल आणि चादरी रंगवण्याचे कारखाने आहेत. त्यांच्या मोऱ्यांतून निळं-तांबडं पाणी येतं. ज्वारीच्या कडब्याचा कोळसा करून, त्यावर आम्लाची प्रक्रिया करून तो त्या पाण्यात घातला, तर रंग शोषला जातो का, हे मी बघत होते. शोषला जातो. त्यात तसं विशेष नाही. जवळजवळ काहीही जाळून पाण्यात घातलं तर रंग थोडाफार शोषला जातोच, आणि या एका सत्यावर आपल्या देशातले कितीतरी लोक डॉक्टर झालेले आहेत. शेंगांची टरफलं झाली, चिंचोके झाले, डाळिंबाच्या साली झाल्या, केळीचे बुंधे झाले. कडबा तेवढा राहिला होता. निदान मी तसं समजून चालले होते. आई दर सुगीला एक पेंढी माझ्यासाठी बाजूला काढायची आणि दर वेळी ऐकवायची, "शेळ्यांच्या तोंडचं काढून तुज्या भट्टीत घालतिया, ध्यानात ठेव."

प्रबंधात दोन प्रकरणं महत्त्वाची होती. चौथ्यात मी प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात निळा रंग कालवून कोळशाची परीक्षा घेतली होती. त्या प्रकरणात माझी सगळ्यात देखणी वळणं होती, म्हणजे आलेखाची. पाचव्यात कारखान्याच्या मोरीतून कॅनमध्ये भरून आणलेलं खरं पाणी होतं. त्यात मीठ, साबण, सोडा आणि देव जाणे काय काय. तिथे कोळसा लंगडत चालला होता. म्हणून पाचवं प्रकरण मी जरा लाजत लाजत, आखूड लिहिलं होतं.

आदल्या संध्याकाळी, उगाच शेवटचं एकदा बघावं म्हणून इंटरनेटवर शोधत बसले आणि तो लेख सापडला. ज्वारीच्या ताटांचा कोळसा, तोच निळा रंग, शुद्ध पाणी. गेल्याच वर्षी छापलेला. लिहिणाऱ्या बाई अशा देशातल्या, जिथे ज्वारी माणसं खात नाहीत, फक्त गुरांना घालतात. सारांशाचे चार परिच्छेद वाचायला मिळाले. त्यांत माझं चौथं प्रकरण जवळजवळ होतं. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, ते आत गेल्यावरच कळणार होतं, आणि आत जायच्या वाटेवर एक पाटी होती: लेख विकत घ्या, किंवा आपल्या संस्थेमार्फत प्रवेश करा. किंमत डॉलरमध्ये होती, तेव्हा मी ‘आपल्या संस्थेमार्फत’वर गेले. संस्थांच्या यादीत आमच्या विद्यापीठाचं नाव होतं! क्षणभर ऊर भरून आला. नावावर बोट ठेवलं, तर पासवर्ड विचारला. पासवर्ड मला कुणी कधी दिलाच नव्हता.

त्या बाईंना ईमेल केली. लगेच उत्तर आलं. मी रजेवर आहे, असं त्यांच्या वतीनं त्यांच्या संगणकानं कळवलं होतं.

मग सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला. सर माझ्यावर खूश असले की ‘अगं’ म्हणतात आणि चिडले की ‘मॅडम’. त्यामुळे हवामानाचा अंदाज पहिल्या शब्दातच येतो.

"अगं, उद्याची तयारी झाली का?"

मी लेखाबद्दल सांगितलं.

"हे बघा, मॅडम," सर म्हणाले. "तो लेख तुम्ही वाचलाय का?"

"नाही. उघडत नाही ना, सर."

"मग तो आहे हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"शीर्षक दिसतं. सारांश दिसतो."

"सारांश म्हणजे लेख नव्हे. न वाचलेल्या लेखाची जबाबदारी संशोधकावर येत नाही. आणि तुम्हाला उघडत नाही, म्हणजे मला उघडत नाही, म्हणजे समितीला तरी कुठं उघडतोय? पुण्याहून ज्या तज्ज्ञ बाई येणार आहेत त्या रंगांतल्या आहेत, कोळशातल्या नाहीत. शांत झोपा."

अडचण अशी होती की सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जे लेख आम्हाला उघडत नाहीत, ते आमच्यापुरते लिहिलेच गेलेले नाहीत, असं धरून आम्ही सगळे आजवर चालत आलो होतो. पण मला आता त्याचं शीर्षक पाठ झालं होतं. उद्या समितीनं ‘हो’ म्हटलं, प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला, आणि त्यांच्यातल्या एकाला जरी तो लेख उघडता आला, तर ‘नक्कल’ हा शब्द माझ्या नावापुढे कायमचा चिकटणार होता. तेवढीच भीती नव्हती. लेखात काय आहे ते मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ते मला सरांना सांगता आलं नाही, कारण संशोधनात कुतूहलही असतं हे आमच्यात फारसं बोललं जात नाही.

म्हणून सकाळच्या गाडीनं सोलापूरला येऊन थेट ग्रंथालय गाठलं. विद्यापीठाच्या आवारातल्या नेटवरून असे लेख पासवर्डाशिवाय उघडतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. आणि नेमकं आजच नव्या ई-ग्रंथालयाचं उद्घाटन होतं.

पायरीवरून उठून मी ग्रंथपालांना शोधलं. ते सभागृहात, मंचावर, नव्या कोऱ्या सफारीत घामाघूम होऊन एका वायरीशी झगडत होते. चांगला माणूस. माझी हकीगत त्यांनी पूर्ण ऐकली.

"मॅडम, तुमचा पासवर्ड आलाय की. सगळ्यांचे आलेत."

"आलेत? कुठं आहेत?"

त्यांनी एका तबकावरचं मखमली फडकं उचललं. खाली लिफाफे होते, प्रत्येकाला सोनेरी दोरी. त्यांतून माझ्या नावाचा काढून त्यांनी मला दाखवला. मी हात पुढे केला. त्यांनी लिफाफा मागे घेतला.

"आत्ता नाही. हस्ते द्यायचाय."

"तुमच्या हस्ते द्या ना."

"समजून घ्या की, मॅडम. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वाटप आहे. पत्रिकेत छापलंय."

आपल्याकडे कुठलीही गोष्ट नुसती होत नाही, कुणाच्या तरी हस्ते व्हावी लागते. झाड हस्ते लागतं, बोअरला पाणी हस्ते लागतं. पासवर्डही हस्ते मिळेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"बरं, मग तुमच्या ऑफिसातल्या संगणकावर बघू दे."

"तो हा इथं आणलाय. प्रात्यक्षिकासाठी." त्यांनी मंचावरच्या टेबलाकडे बोट केलं. "आणि आत्ता हात लावू नका, कसाबसा चालू झालाय."

"विभागात जाऊन बघते."

"विभागांचं नेट सकाळपासून बंद ठेवलंय. पाहुण्यांसमोर अडखळायला नको, म्हणून सगळं इकडं वळवलंय."

म्हणजे एवढ्या मोठ्या आवारात तो लेख उघडू शकणारं एकच यंत्र होतं आणि ते मंचावर, सरस्वतीच्या तसबिरीशेजारी, निळ्या झालरीच्या टेबलावर होतं. कार्यक्रम अकराचा होता. बारा वाजून गेले होते. पाहुणे मंद्रूपच्या बाजूला दुसऱ्या एका उद्घाटनाला गेले होते आणि तिथे त्यांच्या आधी बोलणारे अजून संपले नव्हते.

मी पायरीवर परत आले. ऊन इतकं होतं की कमानीवरच्या आंब्याच्या डहाळ्या करपायला लागल्या होत्या. मामांनी डबा उघडून अर्धी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढे केली.

"खावा. तुमचं ते काय असल ते कुटं पळून जात न्हाय."

"तेच तर. ते कुठं जाणार नाही. तीन वाजता मलाच जायचंय."

भाकरीचा तुकडा मोडून मी तसाच हातात धरला. मी मनात आकडे घोळवत होते. माझा कोळसा एका विशिष्ट आम्लतेला सगळ्यात जास्त रंग धरतो. त्यांचाही तिथेच धरत असेल, तर संपलं. वेगळ्या जागी धरत असेल, तर वाद घालायला जागा होती. दर थोड्या वेळानं फोन काढून मी तीच पाटी बघत होते. पाटी बदलत नव्हती.

दीडच्या सुमाराला गाड्या आल्या. प्रमुख पाहुणे शिक्षणक्षेत्रातले नव्हते, पण असं क्षेत्रही उरलं नव्हतं ज्यात ते नव्हते. तबकातून कात्री पुढे आली, फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. मामा स्टुलावरून उठून उभे राहिले आणि त्या घोळक्यात अंग चोरून मी आत शिरले. कोपऱ्यातल्या संगणकापाशी जाऊन प्लास्टिकवरूनच बटण दाबलं. काही नाही. वाकून टेबलाखाली पाहिलं. पडद्याची वायर लोंबकळत होती आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. टेबलाखाली काहीच नव्हतं. पुढच्या टेबलाखालीही नव्हतं.

"नुसते पडदे आलेत," ग्रंथपाल माझ्या कानाशी पुटपुटले. "बाकीचं पुढच्या खरेदीत. कुणाला बोलू नका."

पाहुण्यांनी एका काळ्या पडद्यापुढे बसून त्यात बघत फोटो काढून घेतला. मग सगळे सभागृहात गेले.

माझे सर पहिल्या रांगेत होते. त्यांच्या शेजारी पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाई. सेमिनारसाठी लवकर आल्या म्हणून त्यांना इथेच आणून बसवलं होतं. पहिली रांग रिकामी दिसू नये, हेही एक कारण असावं. मी मधल्या रांगेत कडेला बसले. भाषणं सुरू झाली. प्रत्येक वक्त्यानं ज्ञानाची दारं उघडली. एकानं ती ‘सताड’ उघडली. मी घड्याळाकडे बघत होते.

मग सूत्रसंचालकानं आवाज चढवला, "आणि आता, प्रातिनिधिक स्वरूपात, एका संशोधक विद्यार्थिनीला..." माझं नाव! ग्रंथपालांनी माझा लिफाफा सगळ्यांत वर ठेवला होता. त्यांना जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं होतं. मी जवळजवळ धावतच मंचावर गेले.

पाहुण्यांनी लिफाफा घेतला, सोनेरी दोरी सोडली आणि आतला कागद बाहेर काढला. आजवर त्यांच्या हाती असे जे कागद आले असतील ते मानपत्रं असणार आणि मानपत्र वाचून दाखवायचं असतं. त्यांनी चष्मा लावला, माइक जवळ ओढला.

"यूजर नेम," ते धीरगंभीर आवाजात म्हणाले आणि ते वाचलं. "पासवर्ड." तोही वाचला. एकेक अक्षर. मोठं कुठलं, लहान कुठलं, मध्ये कुठली खूण, सगळं. ग्रंथपालांनी "सर, सर," म्हणून हात पुढे केला, तर पाहुण्यांना वाटलं वेळेची आठवण करून देतायत; त्यांनी शेवटचे आकडे जरा भरभर वाचले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. कागद माझ्या हाती आला, फोटो निघाला.

जागेवर येऊन मी फोनवर तीच अक्षरं टाइप केली. मागच्या रांगांमधून एम.एस्सी.च्या पोरांचा आवाज येत होता.

"ए, उघडलं रे माझं!"

"माझं न्हाय उघडत. परत टाक की."

"लई भारी. कुटं कुटं जाता येतंय बघ."

माझ्या फोनवर पाटी आली. शेवटी पाटी बदलली होती. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून प्रयत्न झाल्यामुळे आपलं खातं सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आलं आहे. उद्या पुन्हा प्रयत्न करा.

मला हसू आलं असतं, पण घड्याळात अडीच वाजत आले होते.

"आता प्रात्यक्षिक," ग्रंथपाल माइकवर आले. त्यांच्या मागे मोठा पडदा उजळला. "सभागृहातून कुणीही, कुठल्याही शोधनिबंधाचं नाव सांगावं. आपण इथं, सर्वांसमक्ष, उघडून दाखवू."

चारशे-पाचशे माणसांत एकालाही वाचायचा असा शोधनिबंध नव्हता. ग्रंथपालांची नजर माझ्याकडे आली आणि थांबली. त्याच वेळी पहिल्या रांगेतून सरांनी मान मागे वळवली. त्यांनी मला काही सांगितलं नाही, फक्त मान अगदी हलकी, नकारार्थी हलवली. शेजारी तज्ज्ञ बाई पत्रिकेनं वारा घेत होत्या.

एकटीनं, कोपऱ्यात बसून, कुणाला न कळता तो लेख वाचायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचं, असा माझा बेत होता. तसं आता होणार नव्हतं. एक तर लेख उघडायचा तो सगळ्यांसमोर, किंवा मग न वाचताच सेमिनारला उभं राहायचं आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे हे पहिलंच काम आहे’ हे तयार केलेलं वाक्य म्हणायचं. ते वाक्य मला म्हणता येईल का, हे मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ‘माझ्या माहितीप्रमाणे’वरच अडकले.

मी उभी राहिले आणि शीर्षक सांगितलं.

सरांची मान पुढे वळली. सेमिनार संपेपर्यंत ती पुन्हा माझ्या दिशेला वळली नाही.

शीर्षक पडद्यावर उमटलं. ग्रंथपालांनी कळ दाबली. एक चकती फिरत राहिली. मग कुठलीही पाटी न येता, काहीही न विचारता, लेख उघडला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्वारीच्या ताटांच्या कोळशाला एवढ्या टाळ्या त्याआधी मिळाल्या नसतील, आणि मिळायचंही कारण नाही.

"मी बघतो," म्हणत पाहुण्यांनी माउस हातात घेतला आणि पानं भराभर वर सरकू लागली.

मी पुढे जाऊन मधल्या वाटेत उभी होते. पहिलं पान गेलं. पद्धती, माझ्यासारखीच. आम्ल, तेच. तक्ता आला आणि गेला.

"सर, थांबा!" मी ओरडले.

पाहुण्यांचा हात थांबला. असं त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नसावं. सूत्रसंचालकानं माझ्याकडे डोळे वटारले.

"जरा मागं घ्या, सर. तो आलेख."

त्यांनी मागं घेतलं. पडद्यावर, मंचाएवढं मोठं, माझं वळण उभं होतं. तीच चढण, तोच माथा, त्याच आम्लतेला. फक्त त्यांचे बिंदू माझ्यापेक्षा जवळजवळ होते आणि प्रत्येक बिंदूला, आकडा किती चुकू शकतो ते दाखवणारी बारीक दांडी होती, जी मी काढली नव्हती. माझं चौथं प्रकरण तिथे संपलं. दोन उन्हाळे मी तो कडबा जाळला होता. साडीला वास लागायचा म्हणून प्रयोगशाळेसाठी एक जुना पंजाबी ड्रेस ठेवला होता. तोच मला तेव्हा का आठवला, सांगता येत नाही.

तज्ज्ञ बाई वारा घ्यायच्या थांबल्या होत्या. त्या पुढे वाकून पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सरांना काहीतरी विचारलं आणि सर झालरीकडे बघत बसले.

"झालं ना?" पाहुणे म्हणाले.

"शेवटचा परिच्छेद, सर. एवढाच."

त्यांनी पान खाली नेलं. निष्कर्ष. अक्षरं बारीक होती, मला तिथून लागेनात. मी काही बोलायच्या आत पाहुण्यांनी चष्मा लावला होता आणि माइक जवळ ओढला होता. समोर आलेला मजकूर वाचून दाखवायचा, या सवयीनं मघाशी माझा घात केला होता. आता त्याच आवाजात, इंग्रजीचे उच्चार आपल्या पद्धतीनं करत, त्यांनी सगळ्या सभागृहाला वाचून दाखवलं की हे सर्व प्रयोग शुद्ध पाण्यातले आहेत. कारखान्याच्या प्रत्यक्ष सांडपाण्यात क्षारांचं प्रमाण प्रचंड असल्यानं हा कोळसा तिथे कसा वागेल हे सांगता येत नाही. आणि अशी निरीक्षणं कुणी केल्याचं लेखकांना आढळलेलं नाही.

"आढळलेलं नाही," म्हणून त्यांनी मराठीत पुन्हा एकदा जोर दिला, कारण भाषणाचा शेवट तसा करायचा असतो. पुन्हा टाळ्या.

माझ्याकडे होती तशी निरीक्षणं. पाचव्या प्रकरणात, लाजत लिहिलेली.

सेमिनारला पंधरा-वीस मिनिटं उरली होती. विभागाकडे धावत जाता जाता मी मनात चौथ्या प्रकरणाच्या सगळ्या स्लाइड्स गाळून टाकल्या. प्रत्यक्षात गाळायला वेळ नव्हता, त्या तशाच राहिल्या आणि मी त्यांच्यावरून भरभर पुढे जात म्हणत गेले, "हे आता दुसरीकडे प्रसिद्ध झालेलं आहे. हेही. हेही." समितीत चौघं होते. सर खिडकीबाहेर बघत होते.

तज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा लेख तुम्हाला कधी कळला?"

"काल संध्याकाळी."

"आणि वाचलात कधी?"

"तुम्ही वाचलात तेव्हाच, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "मग तुमच्या प्रबंधात नवीन काय राहिलं?"

"मोरीचं पाणी," मी म्हणाले. "माझा कोळसा त्यात नीट चालत नाही. किती चालत नाही आणि का चालत नाही, ते माझ्याकडे आहे. आजपर्यंत मला ते अपयश वाटत होतं."

"मॅडम," सर एकदम बोलले, खिडकीकडेच बघत, "विद्यार्थिनीला जरा ताण आलाय. चौथं प्रकरण हे स्वतंत्रपणे झालेलं काम आहे..."

"सर, ते मी आत्ता पडद्यावर पाहिलंय," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "सभागृहासकट."

मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लागलं. आत बोलणं चाललेलं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा सरांचा आवाज चढला, मग बाईंचा, मग बराच वेळ नुसताच पंखा. मुदतवाढ नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. व्हरांड्याच्या टोकाला ग्रंथालयाची कमान दिसत होती. मंडपवाले ती उतरवत होते. कायमच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या बाकीच्यांचे चेहरे मी एकेक करून आठवले. सगळ्यांचे प्रबंध झालेले होते.

दार उघडलं. तज्ज्ञ बाईंनीच सांगितलं. चौथं प्रकरण काढायचं, त्या लेखाचा संदर्भ नीट द्यायचा. पाचवं मुख्य करायचं. आहे ते पुरेसं नाही, आणखी दोन कारखान्यांचं पाणी तपासायचं आणि नोंदणी संपायच्या आत जमा करायचं. "वेळ फार थोडा आहे. जमेल?"

"जमवते."

"आणि शीर्षकातला ‘नावीन्यपूर्ण’ हा शब्द काढा."

"लगेच काढते."

जिना उतरताना सर मागून आले. दोन पायऱ्या बरोबरीनं उतरले. मग म्हणाले, "मॅडम, सभागृहात ओरडायची गरज नव्हती." आणि आणखी चार पायऱ्यांनंतर, वैतागूनच, "अगं, सकाळपासून काही खाल्लंस का?"

लेखाची प्रत घ्यावी म्हणून ग्रंथालयात गेले. मंचावरचा संगणक पुन्हा बांधून ठेवला होता. ग्रंथपालांनी लेखाची एकच प्रत छापली होती आणि ती शाल-श्रीफळाबरोबर पाहुण्यांच्या गाडीत गेली होती. "उद्या तुमचं खातं उघडेल की," ते म्हणाले. दारात मामा स्टूल उचलत होते.

"आता जावा आत. आता कोन अडवत न्हाय."

"आत काय आहे, मामा?"

त्यांनी वळून पाहिलं. "फुलं हायत."

स्टेशनवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत आईला फोन लावला.

"झालं का?"

"एक प्रकरण गेलं. दुसऱ्या एका बाईंनी आधीच केलंय."

"मंजी त्यो कडबा उगंच जाळला म्हन की."

"उगंच नाही गं."

"ऱ्हाऊ दे. पास झालीस न्हवं?"

"जमा करायची परवानगी दिली. अजून काम करायचंय."

"मंजी पास न्हाय."

"अजून नाही."

पलीकडे आईच्या मागे शेळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. त्यांची संध्याकाळची वेळ झाली होती.

"मग उरल्याला कडबा ह्यास्नी घालू, का ठिवू?"

"ठेव," मी म्हणाले. "एक पेंढी ठेव."